आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी : दोन फेऱ्यांचा अभिप्राय

वॉशिंग्टनला गेलेला प्रवासी पोटोमॅक नदी ओलांडून आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी पाहायला जातो, तो बहुधा तीन गोष्टींसाठी : केनेडींच्या समाधीवरची अखंड ज्योत, अनामिक सैनिकाच्या समाधीवरचा पहारा आणि टेकडीच्या उतारावर ओळीने उभ्या असलेल्या पांढऱ्या शिळा. पहिल्या दिवशी मीही तेवढेच पाहिले, कारण शहरातून निघणाऱ्या ज्या सहलीच्या गाडीने मी गेले, तिने तेवढेच दाखवले. दुसऱ्या दिवशी मी एकटी, पायी आणि दफनभूमीचे अधिकृत ॲप हाती घेऊन पुन्हा गेले. तेव्हा पाहिलेली जागा आदल्या दिवशीच्या जागेहून इतकी वेगळी होती की, या दोन फेऱ्यांचा अभिप्राय एकत्र लिहावा असे वाटले. तो एका प्रश्नाच्या अंगाने लिहिला आहे : जो देश 1861 ते 1865 अशी चार वर्षे उत्तर विरुद्ध दक्षिण असा आपसांत लढला, ज्याची सुमारे 6,20,000 माणसे त्यात गेली असे दीर्घकाळ मानले गेले आणि अलीकडचे काही अभ्यासक हा आकडा याहूनही मोठा धरतात, त्या देशाने आपल्या मेलेल्यांचा मान कसा राखला, कोणाचा आधी, कोणाचा नंतर आणि कोणाला बाजूला ठेवून.

व्यवस्थेबद्दल आधी थोडक्यात. प्रवेश विनामूल्य आहे. दारात सुरक्षा तपासणी होते, प्रौढांनी छायाचित्र असलेले ओळखपत्र बाळगावे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर दफनभूमीच्या नावाचेच स्थानक आहे आणि तेथून स्वागतकक्ष चालत काही मिनिटांवर आहे. आत फिरणारी एक सशुल्क गाडीही आहे. दफनभूमीचा विस्तार सहाशे एकरांहून अधिक आहे, चढ-उतार बराच आहे आणि झाडांची सावली सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे पाणी आणि चांगले बूट हवेतच. येथे चार लाखांहून अधिक माणसे पुरलेली आहेत आणि आजही आठवड्याच्या कामाच्या दिवसांत रोज दोन डझनांहून अधिक अंत्यविधी होतात. चालताना दूरवरून बंदुकांची सलामी आणि बिगुलाचा आवाज ऐकू येतो, आणि आपण एखाद्या प्रदर्शनात नसून कोणाच्या तरी ताज्या दुःखाच्या शेजारून जात आहोत, याचे भान राहते. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्या पर्यटकांना तेथील कर्मचारी शांतपणे थांबवतात, हे मला मनापासून आवडले.

पहिल्या दिवशीच्या सहलीबद्दल मात्र चांगले लिहिता येत नाही. मार्गदर्शक नम्र होता, वेळ पाळणारा होता, त्याला तारखा पाठ होत्या. परंतु यादवी युद्धाबद्दल तो जे एकमेव वाक्य बोलला ते असे की, येथे उत्तरेचे आणि दक्षिणेचे सैनिक शेजारी-शेजारी विसावले आहेत आणि हेच या देशाच्या समेटाचे प्रतीक आहे. गाडीतल्या सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ते वाक्य पूर्ण खोटे नाही, पण ते शेजारी केव्हा आले, कोणी आणले आणि त्या काळात उरलेल्यांचे काय चालले होते, हे वगळल्यावर उरते ते एक सुबक चित्र, आणि ज्यांच्या गुलामगिरीवरून हे युद्ध झाले ती माणसे त्या चित्रात कोठेच दिसत नाहीत. मी मार्गदर्शकाला विभाग 27 कोठे आहे असे विचारले, तेव्हा तो आपल्या मार्गावर नाही एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी मी तेथूनच सुरुवात केली, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने तेथूनच करावी असे मी आग्रहाने सांगेन. विभाग 27 दफनभूमीच्या उत्तर टोकाला आहे. मुख्य आकर्षणांपासून तो दूर असल्यामुळे मी गेले त्या सकाळी तेथे माझ्याशिवाय कोणीही नव्हते. आर्लिंग्टनमधले पहिले लष्करी दफन याच विभागात झाले : पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी घरातला तरुण शिपाई विल्यम क्रिस्टमन रुग्णालयात आजाराने मरण पावला आणि 13 मे 1864 रोजी त्याला येथे पुरण्यात आले. त्याच्या पुढे-मागे अगदी तशाच शिळा आहेत. काहींवर नावानंतर तीन-चार अक्षरे कोरलेली दिसतात. ती संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यातील कृष्णवर्णीय पलटणींची आहेत, ज्यांतून सुमारे 1,79,000 माणसे लढली. आणखी पुढे गेले की ज्या शिळा लागतात त्यांवर नावाखाली फक्त एकच शब्द असतो : ‘नागरिक’. दक्षिणेतून पळून किंवा सुटून राजधानीच्या आसऱ्याला आलेली, पूर्वी गुलाम असलेली सुमारे 3,800 माणसे, स्त्रिया आणि मुले या विभागात आहेत.

त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ उभी होते. 1857 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला होता. संविधानात चौदावी दुरुस्ती होऊन तो निकाल मोडीत निघाला तो 1868 साली. ज्यांना जिवंतपणी कायद्याने हा शब्द नाकारला, त्यांच्या शिळेवर तो कोरलेला आहे. कोरणाऱ्याचा हेतू बहुधा एवढाच असावा की, ही व्यक्ती सैनिक नव्हती. पण वाचणाऱ्याला तो शब्द तेवढ्यावर सोडत नाही. या विभागात पाटी आहे, पण ती लहान आहे. माझ्या मते संपूर्ण आर्लिंग्टनमध्ये याहून महत्त्वाची जागा नाही, आणि जो अभ्यागत फक्त ज्योत आणि पहारा पाहून परततो त्याची भेट अपुरी राहिली असे मी म्हणेन. आणखी एक गोष्ट येथे कळते. मेलेल्यांना वंशानुसार वेगळ्या विभागांत पुरण्याची पद्धत आर्लिंग्टनमध्ये 1948 पर्यंत चालू होती. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला आणि मगच तो थडग्यांतूनही गेला. म्हणजे उत्तर आणि दक्षिण येथे शेजारी आल्यानंतर जवळजवळ अर्धे शतक काळा आणि गोरा शेजारी येऊ शकत नव्हते, जरी दोघांनी एकाच झेंड्याखाली प्राण दिलेले असले तरी.

तेथून टेकडी चढून मी आर्लिंग्टन हाउसपाशी आले. ही वास्तू राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि मोठ्या दुरुस्तीनंतर ती 2021 मध्ये पुन्हा उघडली. घर दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या पत्नीचे, मेरी कस्टिस ली यांचे. 1857 मध्ये वारलेल्या त्यांच्या वडिलांनी मृत्युपत्रात आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे असे लिहिले होते, आणि व्यवस्थापक म्हणून ली याने ती मुदत जवळजवळ पूर्ण वापरून 1862 च्या अखेरीस त्यांना मुक्त केले. दुरुस्तीनंतर गुलामांच्या खोल्यांना आणि त्यांत राहिलेल्या कुटुंबांना मांडणीत जे स्थान मिळाले आहे, ते मला नेमके आणि प्रामाणिक वाटले. ली कुटुंब गेल्यावर घरातल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळातील वस्तूंची राखण करणारी सेलिना ग्रे येथे नावानिशी भेटते.

ही जमीन दफनभूमी झाली ती योगायोगाने नव्हे. युद्धकाळातील 92.07 डॉलरच्या करावरून सरकारने ती ताब्यात घेतली आणि लष्कराचे पुरवठाप्रमुख माँटगोमेरी मेग्ज यांनी थडगी मुद्दाम घराच्या जवळ, मेरी ली यांच्या फुलबागेच्या कडेने करवून घेतली, की हे कुटुंब पुन्हा येथे राहायला येऊ नये. दक्षिणेकडे गेलेल्या ज्या अधिकाऱ्यांना मेग्ज देशद्रोही मानत, त्यांत ली पहिला होता. त्याच वर्षी, ऑक्टोबर 1864 मध्ये, मेग्ज यांचा स्वतःचा मुलगा युद्धात मारला गेला आणि तोही याच भूमीत आला. पुढे 1882 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती बेकायदा ठरवली, आणि ली यांच्या मुलाने 1,50,000 डॉलर घेऊन जमीन सरकारला रीतसर विकली. आज ज्या जागेला आपण पवित्र म्हणतो तिच्या मुळाशी इतका उघड राग आहे, हे माहीत असलेले बरे. त्यामुळे तिचे पावित्र्य कमी होते असे मला वाटले नाही.

फुलबागेजवळ एक भव्य दगडी समाधी आहे आणि तिच्याखाली 2,111 अनोळखी सैनिकांची हाडे आहेत. बुल रनच्या रणांगणावरून आणि तेथून रॅपहॅनॉक नदीपर्यंतच्या वाटेवरून युद्धानंतर ती गोळा करून 1866 मध्ये एकत्र पुरण्यात आली. ज्या रणांगणावर दोन्ही बाजूंची माणसे पडली तेथून वेचलेल्या या हाडांत दक्षिणेच्या सैनिकांची हाडेही असणार, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या दिवशी मला जो काही खरा समेट दिसला तो येथे, कारण तो कोणी ठरवून केलेला नव्हता आणि त्यावरून कोणी भाषण केले नव्हते.

एरवी त्या काळात हिशेब अगदी काटेकोर होता. 1866 पासून पुढची चार-पाच वर्षे संघराज्याने आपल्या सुमारे 3,00,000 मृतांना शेतांतून, रस्त्याकडेच्या खड्ड्यांतून आणि तुरुंगांच्या आवारांतून उकरून राष्ट्रीय दफनभूमींत आणले. त्यांतल्या निम्म्याच्या जवळपास जणांची ओळख पटली नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर सरकारने प्रत्येक साध्या शिपायाचे थडगे ही आपली जबाबदारी मानावी, हे त्या देशात पहिल्यांदाच घडत होते. दक्षिणेचे मृत मात्र या योजनेत नव्हते. त्यांचे काम दक्षिणेतील महिलांच्या मंडळांनी वर्गणी काढून केले. गेटिसबर्गच्या लढाईत पडलेल्या दक्षिणेच्या जवळजवळ तीन हजार सैनिकांचे अवशेष 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचमंडच्या हॉलीवुड दफनभूमीत नेले गेले ते याच खटपटीतून. आणि या दोन्ही मोहिमांच्या आधी, 1 मे 1865 रोजी, चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तुरुंगात मेलेल्या 257 उत्तरेकडील सैनिकांना नीट पुरून, कुंपण घालून, फुले वाहिली होती. अशा सोहळ्यांपैकी हा अगदी सुरुवातीचा होता आणि पुढे कितीतरी काळ तो कोणाच्या आठवणीत राहिला नाही. आर्लिंग्टनचा पहिला मोठा पुष्पार्पण दिन 30 मे 1868 चा आहे.

आता विभाग 16, ज्याच्यासाठी मी मुख्यतः दुसऱ्यांदा गेले होते. अनामिक सैनिकाच्या समाधीमागच्या अँफिथिएटरपासून पश्चिमेला चालत गेले की, एका वर्तुळाभोवती दुसरे वर्तुळ अशा रचनेत थडगी दिसू लागतात. शिळांचे माथे इतरांसारखे गोलसर नाहीत, टोकदार आहेत. आर्लिंग्टनच्या नोंदींनुसार येथे 482 जण आहेत. त्यांत 46 अधिकारी, 351 शिपाई, 58 पत्नी, 15 नागरिक आणि 12 अनोळखी व्यक्ती आहेत. ते येथे कसे आले ही गोष्ट मार्गदर्शकाच्या त्या एका वाक्यात बसणारी नव्हती.

डिसेंबर 1898 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली, जे स्वतः उत्तरेकडून लढले होते, अटलांटात म्हणाले की दक्षिणेच्या मृतांच्या थडग्यांची काळजी घेण्यात आता साऱ्या देशाने वाटा उचलावा. स्पेनविरुद्धच्या युद्धात दोन्हीकडची मुले नुकतीच एका गणवेशात लढली होती. 1900 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पैसे मंजूर केले आणि पुढच्या वर्षी विभाग तयार झाला. त्याला दक्षिणेतूनच विरोध झाला : तेथील काही महिला-संघटनांचे म्हणणे होते की, आमची माणसे ज्या भूमीसाठी लढली तिच्याकडे परत द्या, शत्रूच्या दफनभूमीत त्यांचा मान नको. कोणाला कोणाच्या शेजारी झोपवायचे हे मेलेले ठरवत नाहीत आणि पुष्कळदा त्यांचे नातलगही ठरवत नाहीत. ठरवते ते त्या घडीचे सरकार. मॅकिन्ली यांच्या त्या भाषणाच्या एक महिना आधी नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टनमध्ये शस्त्रधारी गोऱ्या जमावाने निवडून आलेले मिश्र वंशाचे शहर सरकार उलथवून कृष्णवर्णीय रहिवाशांची कत्तल केली होती आणि राष्ट्राध्यक्षांनी तेथे सैन्य पाठवले नव्हते. दक्षिणेची राज्ये त्याच दशकात एकामागून एक कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेत होती. समेट झाला, पण तो कोणाकोणात झाला हे विचारल्याशिवाय त्याचे कौतुक करणे मला जमत नाही.

मधोमध उभे होते ते स्मारक 4 जून 1914 चे. दक्षिणेच्या सैनिकांच्या लेकी-नातींची संघटना ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ हिने पैसा उभा केला, शिल्पकार मोझेस एझिकेल स्वतः दक्षिणेकडून लढलेला होता आणि अनावरणाला भाषण केले ते राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी, ज्यांच्या सरकारने आदल्याच वर्षी केंद्रीय कचेऱ्यांत वर्णभेद रुजवायला सुरुवात केली होती. वर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट घातलेली, दक्षिणेकडे तोंड केलेली स्त्री होती. खाली भोवती 32 मानवाकृती होत्या आणि त्यांत दोन गुलाम होते : अधिकाऱ्याचे मूल हाती घेतलेली दाई, आणि मालकामागे युद्धावर निघालेला पुरुष. दोघांच्याही चेहऱ्यावर निष्ठा दाखवलेली होती. लॅटिन ओळीचा आशय असा की, विजयी पक्ष देवांना भावला, पराभूत पक्ष कॅटो या प्राचीन रोममधल्या तत्त्वनिष्ठ पुढाऱ्याला. म्हणजे हरलेलीच बाजू न्यायाची होती, असे त्या ओळीतून सुचवले होते, आणि तेही जिंकलेल्या राष्ट्राच्या स्वतःच्या दफनभूमीत.

मी गेले तेव्हा हे कांस्यशिल्प तेथे नव्हते. संसदेने नेमलेल्या आयोगाने 2022 मध्ये ते काढावे अशी शिफारस केली होती. न्यायालयाने एक-दोन दिवस काम थांबवले आणि मग डिसेंबर 2023 मध्ये ते उतरवण्यात आले. ग्रॅनाइटचा पाया तेवढा जागेवर ठेवला, कारण तो हलवला असता तर भोवतीच्या थडग्यांना धक्का लागला असता, आणि पायथ्याशी खुद्द एझिकेल पुरलेला आहे. रिकाम्या पायाभोवती शांतपणे उभ्या असलेल्या त्या टोकदार शिळा मला योग्य वाटल्या. माणूस कोणत्याही बाजूने लढलेला असो, त्याचे थडगे झाडलोट केलेले, नाव वाचता येईल असे असावे, एवढा हक्क मेल्यावर प्रत्येकाला आहे असे मी मानते. ते कांस्यशिल्प मात्र थडगे नव्हते. दाईच्या हाती मूल देऊन 1914 च्या जिवंत माणसांनी केलेले ते एक राजकीय विधान होते, आणि ज्यांच्या तोंडी ते घातले ती माणसे विभाग 27 मध्ये होती. ऑगस्ट 2025 मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी ते शिल्प ‘समेटाचे स्मारक’ म्हणून परत बसवण्याची घोषणा केली, आणि 2027 मध्ये ते पुन्हा उभे राहील असे लष्कराकडून सांगण्यात आले आहे. 2025 च्याच मार्चमध्ये दफनभूमीच्या संकेतस्थळावरील कृष्णवर्णीय सैनिक, स्त्रिया आणि लॅटिनो सैनिकांच्या थडग्यांविषयीच्या पानांचे दुवे काढले गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. ज्यांना आधी पाहायचे असेल त्यांनी पाया रिकामा असेपर्यंत जावे. जे नंतर जातील त्यांनी त्या दोन आकृतींपाशी थांबून मग विभाग 27 पर्यंत चालत जावे. अंतर बरेच आहे, पण चालावे.

पूर्वी राष्ट्राध्यक्षांकडून या स्मारकाला दरवर्षी पुष्पचक्र जाई. 2009 मध्ये इतिहासकारांनी ते थांबवण्याची विनंती केली, तेव्हा ओबामा यांनी ते थांबवले नाही, मात्र नदीपलीकडच्या वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या यादवी युद्ध स्मारकालाही एक चक्र पाठवले. तेव्हा मला ती तडजोड समंजस वाटली होती. दोन्ही जागा पाहिल्यावर ती तशी वाटत नाही.

ॲपबद्दल लिहायचे तर ते विनामूल्य आहे आणि खरोखर उपयोगी आहे. नाव टंकले की विभाग आणि थडग्याचा क्रमांक मिळतो, शिळेच्या पुढच्या-मागच्या बाजूचे छायाचित्र दिसते आणि उभे आहोत तेथून चालण्याची वाट नकाशावर येते. हेच शोधयंत्र संगणकावरही चालते, म्हणून मी आदल्या रात्री बसून यादी केली आणि दुसऱ्या दिवशी वेळ वाचला. फक्त एवढे ध्यानात असावे की, हा शोध नावावर उभा आहे, आणि या युद्धाच्या मृतांत नाव हेच सर्वांत आधी हरवलेले असते. बागेजवळच्या समाधीखालील 2,111 जण अशा शोधात यायचे नाहीत. त्यामुळे यादी करताना काही नावे आणि काही विभाग, असे दोन्ही घ्यावे, आणि विभागात पोहोचल्यावर फोन खिशात ठेवून ओळी वाचत चालावे.

वेळ किती द्यावा, तर अर्धा दिवस पुरत नाही. सकाळी दारे उघडताच आत गेल्यास उत्तरेकडून सुरुवात करून संध्याकाळपर्यंत हे सारे पायी होते. ज्यांना चालणे अवघड आहे त्यांनी आतल्या गाडीने टेकडीवर जावे, पण विभाग 27 साठी वेगळी सोय स्वागतकक्षात विचारून घ्यावी. शहरातून निघणाऱ्या दोन-तीन तासांच्या सहलींवर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना अवश्य न्यावे. ती शिळांवरचे शब्द मोठ्यांपेक्षा नीट वाचतात.

आणि यादीत एक नाव नक्की घालावे : जेम्स पार्क्स. तो याच इस्टेटीवर गुलाम म्हणून जन्मला, 1862 मध्ये मुक्त झाला आणि येथेच राहून त्याने या दफनभूमीतली अगदी पहिली थडगी खणली. तो सैनिक नव्हता, म्हणून नियमाने त्याला येथे जागा नव्हती. 1929 मध्ये तो वारला तेव्हा युद्धखात्याने खास परवानगी दिली आणि लष्करी मानाने त्याला विभाग 15 मध्ये पुरले. या भूमीवर जन्मून याच भूमीत पुरलेला असा तो एकटाच आहे. मी पोहोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती, दारे बंद होण्याची वेळ जवळ होती, आणि त्याच्या शिळेशी कोणीतरी त्या दिवशी सकाळी ठेवलेली फुले अजून ताजी होती.